आईला सांगायचं काम

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही सांगतो, आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो, याची मला लाज वाटत नाही. पण पदवी फार नंतरची गोष्ट. त्याआधी बरीच वर्षं माझ्याकडे एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाचा मला इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे. आईला वाचून सांगायचं काम.

आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. सही करण्यापुरती अक्षरं तिला येत होती, त्यापलीकडे नाही. परभणीच्या बसस्टँडवर ती माझा हात धरून उभी राहायची आणि एसटी फलाटाला लागली की एकच शब्द म्हणायची, "वाच." मी पाटी वाचायचो. जिंतूर. ती मान हलवायची. पुढची गाडी. मानवत. मग आम्ही चढायचो. दवाखान्यातली चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, रेशन दुकानाबाहेर खडूनं लिहिलेला फळा, सगळं माझ्याकडे. वडिलांनाही वाचता येत नव्हतं, पण दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं त्यांना खपत नसे. त्यामुळे जगात काय लिहिलंय ते आईला सांगणारा मी एकटाच. गल्लीतल्या बायका लग्नाच्या पत्रिका घेऊन यायच्या तेव्हा आई त्यांना ओट्यावर बसवायची आणि म्हणायची, "थांबा, माझं पोरगं येऊ द्या शाळेतून. ते सांगंल." दप्तर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो की त्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या. तशी पुढं आयुष्यात कुणी माझी वाट बघितली नाही. माझ्या ऑफिसातल्या लोकांनीसुद्धा नाही.

पुढं नोकरीनं मला ऑस्ट्रेलियात आणलं. आई पहिल्यांदा सिडनीला आली तेव्हा मी मनात ठरवलं होतं की आता ते काम परत सुरू होणार. इथं तर सगळंच इंग्रजीत. विमानतळावर मी तिला पाट्या वाचून दाखवायला लागलो, ती मान हलवत राहिली, आणि मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

पण मी पॅरामॅटाला ऑफिसात जातो आणि माझी बायको बरेच दिवस घरूनच काम करते. ती पुण्याची. तिचे आजोबासुद्धा ग्रॅज्युएट. तिच्या घरात पुस्तकांचं कपाट ही फर्निचरसारखी गोष्ट होती, आमच्या घरात पहिलं कपाट आलं ते माझ्या पगारातून. लग्न ठरलं तेव्हा मला भीती होती की माझ्या आईचं आणि हिचं जमायचं नाही. ही इंग्रजी शाळेतली, आई जिनिंगमधली. ती भीती फुकट गेली. दोघी आमच्या पेंडल हिलला स्टेशनजवळच्या दुकानांत भाजीला जायच्या, येताना एका बाकावर बसून वेफर्स खायच्या. मी संध्याकाळी घरी आलो की आई मला इथल्या गोष्टी सांगायची: समोरच्या घरातली म्हातारी एकटी राहते, तिचा मुलगा पर्थला असतो, तिच्या मांजराला साखरेचा आजार आहे. मांजराला इंजेक्शन देतात म्हणे. हे तुला कुणी सांगितलं, विचारलं की आई स्वयंपाकघराकडे मान करायची. मला त्यात तेव्हा काही खुपलं नाही. उलट बरंच वाटलं. खुपायला पुढं एका बसमध्ये बसावं लागलं.

नाताळच्या सुट्टीत आमचं ऑफिस बंद असतं. मी ठरवलं, आईला उत्तरेकडे न्यायचं, न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांच्या सीमेवर. बायको म्हणाली समुद्रावर जाऊ. मी नाही म्हटलं. त्या सीमेच्या डोंगरात दुसऱ्या महायुद्धातली एक जागा आहे. जपानी फौज किनाऱ्यावर उतरली आणि तिथून रणगाडे घेऊन वर चढली तर काय, म्हणून इथल्या सैन्यानं अरुंद घाटवाटांवर अडथळे उभे केले होते. लाकडाचे जाड ओंडके जमिनीत पुरलेले आणि काँक्रीटचे टोकदार सुळके. ते अजून तिथं आहेत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. काँक्रीट म्हणजे माझं अन्न. जवळच्या छोट्या गावातून दिवसभराची टूर निघते असं कळलं आणि मी बुकिंग करून टाकलं.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. रणगाडा त्या सुळक्यावर का अडकतो, हे आईला समजावून सांगायचं. त्यासाठी मी बैलगाडी शोधून काढली होती. वाटेतल्या मोठ्या दगडावर गाडीचा कणा टेकला की चाकं हवेत फिरतात आणि बैल कितीही ओढोत, गाडी हलत नाही. रणगाड्याचं पोट तसंच सुळक्यावर टेकतं. आईच्या माहेरी बैलगाडी होती. हे तिला एका वाक्यात कळणार होतं आणि ती मान हलवणार होती. गाडी चालवताना टॅमवर्थपासून मी ते वाक्य मनात घोळवत होतो.

टूरची बस म्हणजे एक छोटी मिनीबस. गाइड म्हणजे तिथलाच एक निवृत्त माणूस, आखूड चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, रुंद हॅट. गाडीही तोच चालवायचा आणि कानाजवळच्या माइकवर बोलायचाही तोच. दारातच त्यानं प्रत्येकाला माश्यांसाठी जाळी दिली, हॅटवरून तोंडावर सोडायची. आईनं ती पदरावरून घातली. तिच्याकडे बघून तो म्हणाला, लग्नाला निघालीस का, लव्ह? इथं कुणालाही प्रेमानं लव्ह म्हणतात. हे मी आईला सांगणार तोवर बायकोनं सांगून टाकलं होतं आणि आई जाळीच्या आत तोंडाला पदर लावून हसत होती.

आईला गाडी लागते. म्हणून बायकोनं तिला अगदी पुढच्या सीटवर बसवलं, आणि लिंबू, पिशव्या, पाणी सगळं बायकोकडे असल्यामुळे शेजारी तीच बसली. हे अगदी बरोबर होतं. मला बोलायला जागाच नव्हती. मी तीन रांगा मागे, एका पर्थच्या जोडप्याच्या बाजूला.

गाइड गाडी सुरू झाल्यापासून बोलत होता. तो बोलायचा, थांबायचा, आणि त्याच्या थांबण्यात मला बायकोचा आवाज ऐकू यायचा. शब्द कळत नव्हते, नुसती लय. ती हात हलवून सांगत होती. मग आईचा प्रश्न. मग बायकोचं उत्तर. मग परत आईचा प्रश्न. मी मागून दोघींच्या मानांकडे बघत होतो. आई एवढे प्रश्न विचारते हे मला माहीतच नव्हतं. मी वाचायचो तेव्हा ती मान हलवायची. एक वाक्य, एक मान.

पर्थच्या बाईंनी मला विचारलं, पुढं बसलेली तुझी आई का. मी हो म्हटलं. तिच्याबरोबरची तिची मुलगी का. मी म्हटलं, नाही, माझी बायको. बाई म्हणाल्या, किती छान. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सीमा आली तेव्हा गाइडनं गाडी हळू केली. रस्त्यावर एक फलक आणि गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून घातलेला एक लोखंडी जाळीचा पट्टा, बाकी दोन्हीकडे तेच गवत, तीच झाडं. उन्हाळ्यात न्यू साऊथ वेल्समध्ये घड्याळं तासभर पुढं करतात, क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत. का करत नाहीत, तर गाईंचा दूध द्यायच्या वेळेत गोंधळ होतो, असा तिथला जुना विनोद गाइडनं सांगितला. सगळी बस सवयीनं हसली. मग एका क्षणानंतर पुढच्या सीटवरून आई हसली. तोंडाला पदर न लावता, मोकळं. आणि मोठ्यानं म्हणाली, "खरंच हाय की. म्हशीला कोन सांगंल?"

बायकोनं ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. गाइड स्टिअरिंगवर थाप मारून हसला. पर्थचं जोडपं हसलं. मग बायको आईला म्हणाली की आपल्याला आता एक तास परत मिळाला, आणि आई म्हणाली, मग परत जेवू. तेही गाइडपर्यंत पोचलं. आता तो प्रत्येक गोष्ट सांगून झाली की आरशातून आईकडे बघायचा, ती काय म्हणते त्याची वाट बघत. माझी आई, जी परभणीच्या बँकेत माझ्या पाठीमागे उभी राहायची, ती एका ऑस्ट्रेलियन बसला हसवत होती, आणि तिला हसवायला शिकवणारा माणूस मी नव्हतो.

मला माझ्या बायकोचा हेवा वाटला. साध्या मराठीत सांगायचं तर मी जळलो. ती माझी बायको आहे, तिनं माझ्या आईला जीव लावलाय, आणि मला ती त्या सीटवरून उठावी असं वाटत होतं. एवढ्या शिकलेल्या घरातली मुलगी, आजोबा ग्रॅज्युएट, कपाटभर पुस्तकं. तिला आणखी काय पाहिजे होतं? माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती.

घाटवाटेच्या जागी उतरलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. ओढ्याच्या कडेनं उतार, उतारावर ओंडके रांगेनं पुरलेले, वरून करडे, भेगाळलेले, आणि खाली रस्त्याच्या तोंडाशी काँक्रीटचे सुळके, शेवाळ चढलेले. मी पुढं झालो. बायको बसमधल्या बाटल्या भरून घ्यायला मागे राहिली होती. गाइड बोलायला लागला होता. आई माझ्या शेजारी होती, जाळी वर सारून, त्या ओंडक्यांकडे बघत.

"कोन मेलं हितं?" तिनं विचारलं.

मला ते समजलं. आमच्या गावाबाहेरही असे दगड उभे आहेत, लढाईत पडलेल्यांचे, आणि येता-जाता आई त्यांना हात लावून नमस्कार करायची. ओळीनं उभं केलेलं काहीही तिला कुणाच्या तरी मागे राहिलेलं वाटतं.

मी म्हटलं, "कुणी नाही. आई, बघ, मी सांगतो. ही काय भानगड आहे—"

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "तिला येऊ दे. ती सांगंल."

मी थांबलो. गल्लीतल्या बायका पत्रिका हातात धरून जशा ओट्यावर थांबायच्या, तसा.

बायको बाटल्या घेऊन आली. आईनं तिला हाताला धरून सुळक्यापाशी नेलं. गाइड सांगत होता ते बायको सांगायला लागली, आणि चांगलं सांगत होती, हे मला कबूल आहे. शत्रू समुद्राकडून येईल म्हणून सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, बायका-पोरं आत पाठवलेली, सैनिक डासांत रात्रंदिवस ओंडके पुरताहेत. आणि कुणी आलंच नाही. आई म्हणाली, कुणीच नाही? बायको म्हणाली, एकसुद्धा नाही. आई त्या सुळक्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग बायको म्हणाली, "आणि हे कशाला, तर रणगाड्याची चाकं याच्यात अडकून बसतात."

"चाकं नसतात," मी म्हटलं. "पट्टे असतात. आणि पट्टे अडकत नाहीत, पोट टेकतं."

मला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. पर्थच्या बाईंनी वळून बघितलं. बायको म्हणाली, "बरं, पोट." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "असू दे रे. कळलं मला."

बैलगाडी तोंडात तशीच राहिली.

जेवायला ओढ्याकाठी सावलीत बसलो. आईनं सकाळी मोटेलच्या छोट्या शेगडीवर धपाटे केले होते. एक तिनं गाइडला दिला, त्यानं तो उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा मागितला. बायको त्याच्याशी बोलायला गेली तेव्हा आई माझ्या बाजूला सरकली.

"राग आला व्हय?"

"नाही."

"आला. लहानपनी बी असंच नाक करायचास."

मी धपाटा मोडत राहिलो. मग विचारलंच, "तू मला का नाही विचारत? हे माझं काम आहे. काँक्रीटमधलं तिला काय कळतं?"

आई माशा हाकलत होती.

"तू लई वाचलंस माझ्यासाठी," ती म्हणाली. "येवढासा होतास. बाकीचे पोरं स्टँडवर उड्या मारायचे, तू पाट्या बघत उभा. एसटीत बसलो तरी खिडकीतून बाहीर कधी बघितलं न्हाईस, पुढचा गाव कोनता त्ये वाचायचास. तवा मला दुसरं कोन व्हतं? आता ती हाय. आज सुट्टी हाय म्हनलास ना? मग बस की निवांत. झाडं बघ."

तिला वाटलं ती मला काहीतरी देते आहे, आणि देतच होती. मला ते नको होतं. निवांत बसून झाडं बघणाऱ्या मुलाची ओट्यावर कोण वाट बघतं? हे मी तिला म्हटलं नाही. मी म्हटलं, धपाटे खरपूस झालेत. आणि झाडांकडे बघितलं. उंच, पांढऱ्या खोडांची, सालं सोललेली. ती छान होती. दोन मिनिटांत बघून झाली.

परतीचा रस्ता वळणावळणाचा म्हणून बायकोनं स्वतःच उलटीची गोळी घेतली. तिला पहिल्या चढालाच पेंग यायला लागली. ती म्हणाली मी मागे आडवी होते, मागची लांब सीट रिकामी आहे. पुढं आईच्या शेजारची जागा मोकळी झाली. आईनं मला बोलावलं नाही. पण सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी जाऊन बसलो.

गाइड दमला होता, बोलत नव्हता. आई खिडकीतून बघत होती, मी तिच्या खांद्यावरून. शेतं, गाई, पत्र्याची छपरं. बऱ्याच वेळानं माइक खरखरला. गाइड म्हणाला की आता गाव जवळ आलंय, उतरताना आपापल्या जाळ्या दाराजवळच्या टोपलीत टाका, थँक्स. एवढंच.

आईनं मान माझ्याकडे वळवली.

"काय म्हनला?"

मी मागे बघितलं. बायको डोळे मिटून पडली होती.

"तो म्हणाला," मी सुरुवात केली, "की मघाचे ते सुळके होते ना, त्यांच्यात रणगाडा कसा फसायचा. तुझ्या माहेरची बैलगाडी आठव."

"हां."

"वाटेत मोठा दगड आला आणि गाडीचा कणा त्याच्यावर टेकला तर?"

"चाकं फिरतेत नुसते," आई म्हणाली. "हवेत. आमच्या आन्नाची गाडी एकदा ओढ्यात तशी बसली व्हती. बैलं पार गुडघ्यावर आले."

"तसंच. रणगाड्याचं पोट त्याच्यावर टेकतं. पट्टे फिरत राहतात, जमिनीला लागतच नाहीत."

"मग त्ये वरून मारत असतील."

"कोण?"

"हेच. लाकडं पुरनारे. त्ये फसल्यावर ह्ये काय बघत बसतेत व्हय?"

मला हे सांगायचं सुचलंच नसतं. मी म्हटलं, हो, वरून मारायची तयारी होती. मग तिनं विचारलं की आन्नानं गाडी मागून लोटली होती तसं रणगाडा मागून लोटला तर. मी सांगितलं की मागून दुसरा रणगाडा लोटू शकतो, म्हणून सुळके एका ओळीत नसतात, मागे-पुढे असतात. तिनं विचारलं काँक्रीटच का, दगड काय वाईट. मी काँक्रीट सांगितलं. सळई का घालतात ते सांगितलं. पाया किती खोल लागतो, माती ओली असली तर काय होतं, माझ्या ऑफिसात मी दिवसभर नेमकं काय करतो, ज्या इमारतीसमोरून ती आणि बायको भाजीला जातात तिच्या खांबांचा हिशेब मी केलाय, हे सगळं सांगितलं. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. मान हलवत नव्हती. विचारत होती.

गावाची पहिली घरं लागली तेव्हा आई म्हणाली, "येवढं समदं बोलला व्हय त्यो? येवढ्यात?"

"इंग्रजीत थोडक्यात बोलतात," मी म्हटलं.

मागून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मी वळून बघितलं नाही. मला अजूनही तिचा हेवा वाटत होता, मी ते नाकारत नाही. सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं की ती सीट परत तिचीच होती.

बस थांबली. गाइडनं दार उघडलं आणि उतरणाऱ्यांना हात द्यायला खाली उभा राहिला. आई उठली, पदर सारखा केला. मग डोक्यावरची जाळी काढून तिची नीट घडी घातली, माझ्या हॅटवरची ओढून घेतली, तिचीही घातली, आणि उतरता उतरता दोन्ही दाराजवळच्या टोपलीत टाकल्या. तिच्या आधी अजून कुणी उतरलेलं नव्हतं, आणि टोपलीचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.